नोंद क्रमांक चारशे सतरा

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची. तेव्हा प्रोग्राम कागदावर छापून वाचायची पद्धत होती, असं सांगितलं की आजची मुलं हसतात. पण खरंच तसं होतं. कडेला भोकं असलेला, घड्यांचा, न संपणारा कागद.

तसाच एक गठ्ठा छातीशी धरून ती तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत होती. वय चोवीस, नोकरीला लागून चार महिने झालेले. दोघी बहिणींतली लहान म्हणून घरी तिला धाकटी म्हणत, आणि कसं कोण जाणे, ते नाव ऑफिसातही पोचलं होतं. वळणावर गठ्ठ्याची खालची घडी सुटली आणि... सळसळ करत कागद पायऱ्यांवरून खाली धावत सुटला. एक टोक तिच्या हातात, दुसरं थेट तळमजल्यावर.

ओढावा तर फाटेल, सोडावा तर गेलाच. ती तशीच उभी राहिली. एवढ्यात खालचा कागद हळूहळू वर येऊ लागला. कोणीतरी त्याच्या घड्या घालत, वाचत वाचत जिना चढत होतं. कानामागे हिरवी पेन्सिल, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली.

"चौदाव्या पानावर चूक आहे," हे त्याचे पहिले शब्द.

"मी तुमचे आभार मानणार होते," ती म्हणाली.

"माना की. चूक तरीही आहेच."

"आणि नसली तर?"

"नसली तर चहा माझ्याकडून. असली तर तुमच्याकडून."

चहा तिच्याकडून झाला.

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच त्याचं काम होतं. कितीही बारीक चूक असो, तो ती चिमटीत धरून बाहेर काढायचा, म्हणून त्याला सगळे चिमटा म्हणत. ऑफिसात दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनत. रीत अशी होती, की चूक तोंडी सांगायची नाही, संगणकावरच्या यादीत तिची नोंद करायची. कुठे आहे, काय घडतं, काय घडायला हवं, पुन्हा कशी घडवून पाहायची, किती तातडीची. दुरुस्ती झाली, की ज्याने नोंद केली त्यानेच तपासून ती बंद करायची.

धाकटीच्या नावावर त्या वर्षी एकशे नऊ नोंदी झाल्या.

"तुमचं माझ्याशी काही वैर आहे का हो?" एकदा ती कंबरेवर हात ठेवून त्याच्या टेबलाशी उभी राहिली. "बाकीच्यांच्या तीस-चाळीस, आणि माझ्याच एवढ्या?"

"बाकीच्यांचं काम मी एकदा वाचतो," तो पेन्सिलीला टोक काढत म्हणाला.

"आणि माझं?"

"...तीनदा."

पेन्सिलीचं टोक तुटलं. दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते कळलं नाही. खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर दुपारी ऊन यायचं. तो न बोलता येऊन पडदा अर्धा ओढून जायचा. एवढंच. हात हातात घेतला नाही, शब्द दिला नाही. पण पडदा ओढायला तो पाच मिनिटं उशिरा आला, तर तिचं कामात लक्ष लागायचं नाही.

सत्त्याण्णव साली मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. परदेशातल्या ऑफिसात माणूस हवा होता. "तुझ्याइतकं स्वच्छ काम कोणाचं नाही," ते म्हणाले. ते स्वच्छ कोणामुळे झालं, हे तिला ठाऊक होतं.

ताईने बॅग भरून दिली. आईने डोळे पुसत बजावलं, "जा. पण आमच्या डोळ्यांदेखत तुझं काही ठरलं असतं तर..."

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी तो जिन्यापर्यंत आला.

"काही सांगायचं होतं?" तिने विचारलं.

"हो... म्हणजे नाही. तिकडे थंडी फार आहे म्हणतात."

"हे सांगायचं होतं?"

त्याने कानामागची अर्धी झिजलेली हिरवी पेन्सिल तिच्या हातात ठेवली आणि तो भरभर पायऱ्या उतरून गेला.

परदेशात ती वाढत गेली. आधी पाच जणांचा गट तिच्या हाताखाली आला, मग वीस जणांचा. प्रोग्राम लिहायची सवय हाडीमांसी खिळलेली. दुसऱ्याने लिहिलेलं ती गुपचूप स्वतःच दुरुस्त करून टाकायची. मग वाटलं, असं केलं तर ही मुलं शिकणार कधी? तेव्हापासून तिने हात आवरला आणि कान उघडे ठेवले.

दर शुक्रवारी त्याची ईमेल यायची. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, कोणता पंखा करकरतो. आणि शेवटी हमखास एक ओळ, "जुन्या नोंदी पाहिल्यास का?"

"वेळच नाही रे. पाहते," ती लिहायची, आणि हसायची. एवढ्या लांबूनही हा माझ्या चुका काढणं सोडत नाही!

नव्व्याण्णव साली ती आणखी एका देशात गेली, संपूर्ण प्रोग्रामची प्रमुख म्हणून. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. "जुन्या नोंदींचा हा ढीग काढून टाक. प्रमुखाने एकेक वाचत बसायचं नसतं."

प्रमुखाला कुठलीही नोंद बंद करता येई. तिने वर्षापलीकडच्या सगळ्या निवडल्या, सहाशे तेरा. कारणाच्या रकान्यात एकदाच लिहिलं, 'आता गरज नाही.' आणि कळ दाबली. ज्याची नोंद त्याला तिच्या नावाने निरोप गेला.

त्या शुक्रवारी ईमेल आली नाही. पुढच्याही नाही. मग एकदा दोनच ओळी आल्या. सगळं ठीक. कळावे.

'कळावे'! तिला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचं कुठे जुळलं असेल, तिने मनाची समजूत घातली. आई फोनवर स्थळं सांगायची, ती हूं हूं करायची. थंडी खरंच फार होती.

वर्षभराने एका दवाखान्यातून तक्रार आली. रोग्यांची यादी छापताना एक नाव गळलं होतं. एक म्हातारे गृहस्थ नाव पुकारतील म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले होते. कोणाला विचारलं नाही. वाटलं, येईल आपली पाळी.

मोठे साहेब म्हणाले, "तपासणाऱ्याने पाठपुरावा केला नाही, असं लिही. तो तुमचा चिमटा."

"तिसऱ्या देशाची जागा तुला देताहेत," त्यांनी पुढे जोडलं. "अशा वेळी स्वतःवर कशाला घेतेस?"

"आधी मला वाचू द्या," ती म्हणाली.

तिने दार लावून घेतलं आणि स्वतः बंद केलेल्या सहाशे तेरा नोंदी एकेक करून वाचायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सापडली. त्याचीच, तीन वर्षांपूर्वीची. 'नावं अठ्ठावीस असली तर शेवटचं छापलं जात नाही.' त्याने पाहिलं होतं. बंद तिने केली होती. तिने अहवालात लिहिलं, 'चूक माझी,' आणि खाली सही केली.

इथे ती थांबली असती तरी चाललं असतं. पण वाचायचं तर सगळं, असं तिने ठरवलं होतं. चार नोंदींनंतर त्याचीच आणखी एक आली. ती परदेशी निघाली, त्यानंतरच्या सोमवारची.

'नोंद क्रमांक ४१७. कुठे: तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. काय घडतं: टेबल रिकामं आहे. काय घडायला हवं: तिथे ती असावी. पुन्हा कशी घडवून पाहायची: सकाळी नऊ वाजता यावे. रोज घडते. किती तातडीची: तू ठरव.'

आणि खाली तिच्याच नावाने... 'आता गरज नाही.'

बोलायला भित्र्या माणसाने, ज्या एका जागी त्याला नीट लिहिता येत होतं, तिथे मन लिहिलं होतं. आणि पुढे दोन वर्षं दर शुक्रवारी विचारलं होतं, पाहिलंस का?

तिने तीन ओळी टाइप केल्या आणि त्याला फोन लावला. तो नुकताच ऑफिसात पोचला होता.

"बोला, बाईसाहेब."

"बाईसाहेब काय रे? यादी उघड. चारशे सतरा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "ती बंद झालीय."

"मी परत उघडलीय. कारण वाच."

कळा वाजल्या.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली.

"न वाचता बंद केली... चूक अजून आहे..." तो अडखळला. "इकडेही घडते."

"रोज," ती म्हणाली. "सकाळी नऊ वाजता."

"वेडे, वर्षभर मला वाटत होतं की तू..."

"आणि तू विचारलं नाहीस! माझ्या एकशे नऊ चुका तेवढ्या धडाधड लिहिल्यास."

"त्या सोप्या होत्या गं."

दोघंही हसली, आणि हसता हसता दोघांचंही नाक ओढणं ऐकू आलं.

"मग आता?" तिने विचारलं. "तू येतोस की मी येऊ?"

"रीत काय आहे? दुरुस्ती झाली, की ज्याने नोंद केली त्यानेच जाऊन तपासायचं."

तो आला. विमानतळावर ती हिरवी पेन्सिल केसांत खोचून उभी होती.

अहवालात 'चूक माझी' लिहिलं म्हणून ती जागा जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. वरच्यांना चूक कबूल करणारा माणूसच हवा होता. पुढे तिने तीन देशांतली ऑफिसं सांभाळली. तिथे एक नियम होता, वाचल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. नवी मुलं कारण विचारायची, तेव्हा ती बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगायची. उरलेली अर्धी सांगायची नाही. तो तिच्यासोबत देश बदलत राहिला, पण शेवटपर्यंत चुकाच शोधत राहिला. साहेब व्हायला कधी तयार झाला नाही.

मोठे साहेब निवृत्त होऊन गुलाब लावू लागले. पान न पान वाचून पाहावं लागतं, असं आता ते म्हणत. ताई आजी झाली. आईच्या डोळ्यांदेखत ठरलं, आणि दोन नातवंडं तिच्या मांडीवर खेळली. मग आई गेली.

तो प्रोग्रामही म्हातारा झाला आणि एक दिवस कायमचा थांबवला गेला. त्या दिवशी यादीत एकच नोंद उघडी होती. आज दोघं साठीकडे झुकली आहेत. दुपारी ऊन आलं की तो उठतो, पडदा अर्धा ओढतो. ती चष्म्यावरून बघत विचारते, "काय हो, चारशे सतरा बंद करायची का आता?"

"थांब गं," तो म्हणतो. "अजून तपासतोय."