कोरडं रडणं

ओजस रडत होता आणि त्याच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

कृत्तिकेने वाकून पाहिलं, बोटाने पापणी पुसून पाहिली. कोरडीठाक! तिचा हा आठ महिन्यांचा भाऊ एरवी रडायला लागला की त्याचे डोळे डबडबायचे. आज आवाजही चिरका, दमल्यासारखा येत होता.

"बाबा, हा रडतोय, पण अश्रू का येत नाहीत?"

"अगं, आपण चंद्रावर राहतो," बाबा पडद्यावरचे नकाशे सरकवत म्हणाले. "इथं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच. अश्रू लवकर ओघळत नाहीत, डोळ्यातच साचतात."

"साचायला आधी यायला नकोत का?"

चांद्रवसाहतीतली मोठी माणसं अशीच. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. कृत्तिकेला त्या गुरुत्वाकर्षणाची चीड यायची, आणि का येऊ नये?

घरातला यंत्रमानव बबन पाळण्याशी उभा होता. "काळजी नको," तो म्हणाला. "आज ओजसने भरपूर सू केली आहे. लंगोटातला संवेदक (ओलावा ओळखणारी चकती) तसं सांगतो. म्हणजे अंगात पाणी भरपूर आहे."

"मग त्याचं दूध तसंच का पडलंय?"

"काल जुलाब होत होते, लंगोटात गाळ दिसत होता. पोटाला आराम द्या, असं बाबा म्हणाले. आज गाळ नाही, म्हणजे एकही शी नाही. उपाय लागू पडला."

"दात येतायत त्याला," बाबांनी मान वर न करताच सांगितलं. "होतंच असं."

आई बर्फाच्या खाणीत पाळीवर गेली होती. तिने काढून ठेवलेलं दूध शीतकपाटात तसंच पडलं होतं आणि ओजस उपाशी! कृत्तिकेचं डोकं सणकलं. तिने सरळ लंगोट सोडायला घेतला.

"तो उघडायचा नसतो," बबन म्हणाला.

खरंच, वसाहतीत लंगोट कुणी उघडून बघत नसे. यंत्र तो बदलायचं आणि गुंडाळी थेट शुद्धीकरणाच्या टाकीत टाकायचं. पाण्याचा थेंब वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय. पण त्या सोयीपायी घरातल्या कुणी बाळाची शी पाहिलेलीच नसे.

लंगोट उघडला आणि खोलीभर घाण वास सुटला. आत पिवळट हिरवं पाणी मुरलं होतं.

"ही सू आहे? वास घे!"

"मला नाक नाही."

"मग छातीठोकपणे सांगतोस कशाला?" कृत्तिका किंचाळली. "ही शी आहे! इतकी पातळ की लंगोटाने पिऊन टाकली. तुला नुसता ओलावा कळला आणि तू ती सू धरलीस. त्याचे जुलाब थांबलेच नाहीत!"

बाबा ताडकन उठले. तोवर तिने दवाखान्याचं लाल बटण दाबलंसुद्धा.

डॉक्टर नाडगौडाबाई धावतच आल्या. त्यांनी ओजसला उभं धरून टाळूवर हात फिरवला. टाळू आत गेली होती. डोळे खोल, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश सपाट झाली.

"निर्जलीकरण (शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होणं). पण शुद्धीत आहे, पिऊ शकतोय. दूध कुणी बंद केलं?"

"मीच. दात येतायत म्हणून होतंय असं वाटलं," बाबा म्हणाले.

"दातांनी असे जुलाब होत नाहीत, जंतूंनी होतात," बाई कडाडल्या. "गळक्या टाकीत पाणी सोडायचंच थांबवलंत तुम्ही!"

त्यांनी जलसंजीवनीची पुडी (मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असलेली भुकटी) उकळून गार केलेल्या पाण्यात, पुडीवर लिहिलेल्या मापाने कालवली.

"नुसतं पाणी का नाही?" कृत्तिकेने घुश्शातच विचारलं.

"अंगातून मीठही गेलंय ना. आतड्याच्या भिंतीतून मीठ एकटं नीट आत शिरत नाही. साखरेचा हात धरला की दोघं मिळून शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही ते दार उघडं राहतं."

कृत्तिका चमच्याचमच्याने पाजू लागली. ओजसने एकदा ओकून टाकलं. बाईंनी जरा थांबायला लावलं, मग आणखी सावकाश पाजायला सांगितलं. "आईचं दूधही चालू ठेवायचं. जस्ताचं औषध मी देते, जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. जुलाब दाबणारं औषध मात्र बाळाला द्यायचं नाही. शीमध्ये रक्त दिसलं, तो पिईना, सगळं ओकू लागला किंवा मलूल पडला, तर तडक दवाखाना."

त्या तिथेच बसून राहिल्या. कृत्तिका चमचा चमचा पाजत राहिली.

"पुन्हा इतका ओलावा दिसला तर मी काय करू?" बबनने हळूच विचारलं.

"माणसांना हाक मार. म्हण, उघडून बघा," कृत्तिका म्हणाली.

"सगळ्या घरांतल्या यंत्रांना कळवू?"

"आत्ताच्या आत्ता!"

संध्याकाळी ओजसने खणखणीत भोकाड पसरलं. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब फुगला आणि तिथेच लटकत राहिला.

"बाबा, बघा," कृत्तिका म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. "हे साचलंय. आता म्हणा गुरुत्वाकर्षण."

बाबांनी ओजसला उचलून छातीशी धरलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी साचलं होतं आणि ते खाली पडत नव्हतं.