पावडरचा वास

वहिनींनी पर्समधून एक चंदेरी पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि मोबाइलवर काहीतरी टाइप करून पडदा बाईंसमोर धरला.

‘माझा आवाज चोरीला गेलाय. शोधून द्या.’

मास्तरांना आधी वाटलं, थट्टा आहे. मग वहिनींच्या गळ्याभोवतीचा रुमाल दिसला आणि त्यांनी नजर खाली घातली.

मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंच्या सोबत तपासाला हिंडत. बाई पूर्वी इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या, आता खासगी तपासाची कामं घेत. आपला त्यांना नेमका काय उपयोग, हे मास्तरांना अजून उमगलं नव्हतं.

वहिनींची बोटं भराभर चालत होती. गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. त्याआधी रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसून त्यांनी आपला आवाज साठवून ठेवला. हेडफोन लावायचे, कानात एक वाक्य वाजायचं, ते आपल्या आवाजात म्हणायचं. त्या साठ्यातून पुढे त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार होणार होतं. पण लॅपटॉप म्हातारा झाला. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचे. म्हणून नवऱ्याने नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून आणली. लॅपटॉप आता तिच्यावरून सुरू होणार आणि जुन्या हार्ड डिस्कवरचा आवाज वहिनी केबल जोडून स्वतः उतरवून घेणार, असं ठरलं होतं.

‘काल संध्याकाळी लॅपटॉप आला. सोबत या पिशवीत जुनी डिस्क. जेवताना सगळ्यांना लिहून दाखवलं, उद्या सगळं पहिल्यापासून ऐकणार. आज सकाळी जोडली, तर डिस्क मेलेली.’

"याआधी कधीच ऐकलं नव्हतंत?" बाईंनी विचारलं.

‘धीर झाला नाही.’

"मग दुकानातच का नाही उतरवून घेतलंत?"

‘परक्याने ऐकायला नको होतं.’

"असं काय होतं त्यात?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहून टाइप केलं, ‘काही नाही. दूध उतू जातंय. दार लावा. चालते व्हा इथून. मोबाइलमधल्या बाईच्या आवाजात नवऱ्याला झापता येत नाही हो. तो हसतो.’

बाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत.

मास्तरांनी पिशवीतली डिस्क हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. बोटं चिकट झाली होती. डिस्कला पिवळट चिकटा होता, आणि वास असा, की जणू वर्षानुवर्षं न धुतलेला पडदा नाकाशी धरलाय. त्यांनी बोटं रुमालाला पुसली. मग तो रुमाल खिशात ठेवायचीही शिसारी येऊ लागली.

"घरात कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

‘हे. सासूबाई. आणि माझा दीर. त्याला गल्ली श्रावणबाळ म्हणते. आई अंथरुणाला खिळल्यापासून त्याने उंबरठा ओलांडलेला नाही.’

* * *

दुकानदार हातमोजे घालूनच समोर आला. दोघांना बसायला सांगण्याआधी त्याने स्पिरिटचा बोळा पुढे केला.

"राग मानू नका. लोक लॅपटॉपवर जेवतात, शिंकतात, नखं कापतात. आतून मांजराचे केस निघतात, झुरळांची अंडी निघतात. सिगरेटवाल्याचा तर सगळ्यात वाईट. धुराचा चिकटा बसतो आत. तो उघडला, की त्या दिवशी मला जेवण जात नाही."

मास्तरांनी बोळ्याने बोटं पुन्हा पुसली.

"वहिनींचा कसा होता?" बाईंनी विचारलं.

"पावडरच पावडर. पंख्यावर पांढरा थर. बाळाच्या पाळण्यासारखा वास. मागचं झाकण काढलं, बॅटरीची पिन सोडवली, आधी सगळं पुसून घेतलं. मग जुनी डिस्क खाच्यातून ओढून काढली, नवी सरकवली, स्क्रू आवळले."

"जुनी चालत होती?"

"रडतखडत. पण चालत होती. तीही पुसूनच पिशवीत घातली. पुसल्याशिवाय माझ्या दुकानातून खिळासुद्धा बाहेर जात नाही."

त्याने पिशवी बघायला हात पुढे केला. बाईंनी ती पर्समध्ये टाकली. "नंतर दाखवते," त्या म्हणाल्या. मग सोबत आणलेला वहिनींचा लॅपटॉप पुढे करून त्यांनी मागचं झाकण उघडायला लावलं. आत सगळं नव्या ताटासारखं लखलखत होतं.

रस्त्यावर येताच मास्तर म्हणाले, "हाच तो. चांगली डिस्क ठेवून घ्यायची आणि मेलेली गळ्यात मारायची. असे धंदे ऐकलेत मी."

"ऐकलेत खरे," बाई म्हणाल्या. "आज बोटांनाही लागले होते. पण तुम्ही ते रुमालाला पुसून टाकलेत."

मास्तरांना काही कळलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला.

* * *

वहिनींचा नवरा बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला होता, परीक्षेला बसल्यासारखा.

"सकाळी मी बोलून गेलो, बरं झालं गेलं ते. तेव्हापासून ही माझ्याकडे बघत नाहीये."

"का म्हणालात तसं?"

"त्या जुन्या आवाजाच्या नादात ही अन्ननलिकेतून आवाज काढायचे घशाचे व्यायाम करत नाही. मला नवा चालेल. फुटका, घोगरा, कसाही. जुना ऐकवणार नाही मला."

बाई खिडकीजवळचा ॲश-ट्रे बघत होत्या. त्यात बटणं आणि टाचण्या होत्या.

"हिच्या घशाचं कळलं त्या दिवशी सोडली," तो म्हणाला. "भावानेही माझ्याबरोबर सोडली. तो सगळ्यातच माझ्या एक पाऊल पुढे."

"रात्री पिशवी कुठे होती?"

"इथेच, कपाटावर."

वहिनी जिथे बसून आवाज साठवत, ती खोली म्हणजे सासूबाईंच्याच खोलीचा अर्धा भाग होता. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन. पलीकडे पाऊल टाकलं आणि मास्तरांना ठसका लागला. पावडरचा वास नाकात कापसासारखा भरला. खिडकी बंद. पलंगाखाली पावडरचे रिकामे डबे रांगेने लावलेले.

"या ना," श्रावणबाळ हसून उठला. "आई, बघ कोण आलंय."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलंगाशी झाकणाची बादली होती.

"खिडकी उघडत नाही?"

"वारा सोसत नाही तिला. आणि दुसऱ्या कुणाचा हातही चालत नाही. तिची घाण मीच काढतो. वहिनींना बादलीलासुद्धा हात लावू देत नाही मी."

तो चादर सारखी करायला वाकला. म्हातारीने हात झटकन पदराखाली ओढून घेतला. पण मास्तरांना मनगटाच्या वर तांबूस, गोल, मुगाएवढे डाग दिसले.

"हे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बेडसोअर. पडून पडून होतात. कातडी कागदासारखी झालीय बिचारीची."

"सूनबाई रुसलीय," म्हातारी भिंतीला सांगत होती. "बोलत नाही माझ्याशी."

श्रावणबाळाने कपाळाला हात लावला. "नजर गेली, आता डोकंही चाललंय. वहिनींचा घसा गेला, कितीदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी."

मास्तरांचे डोळे पाणावले. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं त्यांच्या मनात आलं.

"तुमचा लॅपटॉप आहे का हो?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"होता. केव्हाच बंद पडला. माळ्यावर असेल."

* * *

बाईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. माळ्यावरचा लॅपटॉप नवऱ्याने खाली काढला होता. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हरने मागचं झाकण उघडलं. तोच कुबट वास भपकन बाहेर आला. डिस्कचा खाचा रिकामा होता.

"दुकानदाराला घाणीची किळस आहे," बाई म्हणाल्या. "त्याने पुसल्याशिवाय काही दिलं नाही. नवी डिस्क स्वच्छ, लॅपटॉप स्वच्छ, आणि पिशवीतली जुनी डिस्क चिकट? म्हणजे त्याने घातलेली ही नव्हेच. ती घरी आल्यावर बदलली. शिवाय वहिनींच्या लॅपटॉपमध्ये पावडर होती, असा चिकटा नव्हता. या डिस्कला सिगरेटचा चिकटा आहे, लॅपटॉपसमोर बसून ओढणाऱ्याचा. ती या खाच्यातली."

"माळा सगळ्यांचाच आहे," श्रावणबाळ शांतपणे म्हणाला. "दादाही ओढायचा. आणि त्यालाच तो आवाज नको होता."

नवऱ्याने चमकून भावाकडे पाहिलं.

"बरोबर. त्यांना तो ऐकायचा नव्हता. तुम्हाला मात्र तो वहिनींनी ऐकायला नको होता. त्यांनी काल जेवताना लिहून दाखवलं, तोवर तुम्ही निर्धास्त होतात." बाई वहिनींकडे वळल्या. "तुमच्या कानांवर हेडफोन होते. पार्टिशनपलीकडचं तुम्हाला ऐकू आलं नाही. माइकला मात्र हेडफोन नव्हते."

वहिनींचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला.

"बेडसोअर म्हणालात ना? मी जन्मभर ते धुतलेत. ते पाठीला होतात, कमरेला होतात, टाचांना होतात. जिथे हाडाखाली अंथरूण दाबलं जातं तिथे. मनगटाच्या वर, ओळीने, सारख्या गोल आकाराचे होत नाहीत. ते सिगरेट विझवल्याचे डाग आहेत. तुम्ही ती सोडली नाहीत. बंद खिडकीआड ओढता आणि वास लपवायला डब्यामागून डबे पावडर उडवता."

मघाशी डोळ्यांत आलेलं पाणी मास्तरांना आता स्वतःच्याच अंगावरच्या घाणीसारखं वाटलं.

"म्हातारीचं डोकं फिरलंय, ती काहीही सांगेल, तिचं काय धरता," श्रावणबाळ म्हणाला. "आणि डिस्क कुठाय ते दाखवा की."

"तुम्ही उंबरठा ओलांडत नाही. आज ओलांडला असतात तर गल्लीत बातमी झाली असती. म्हणजे ती घरातच आहे. आणि या घरात कुणी हात घालत नाही अशी जागा एकच." बाई वळल्या. "मास्तर, ती बादली."

"मी?" मास्तर म्हणाले.

"यांच्यावर मला नजर ठेवायचीय."

श्रावणबाळ उठला. "आईची घाण परक्या माणसाने..."

नवऱ्याने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

मास्तरांनी श्वास रोखला, झाकण काढलं. वापरलेले डायपर एकेक करून बाहेर ठेवले. तळाच्या ओल्या कागदांत थोटकं होती, फुगलेली, पिवळी. त्यांच्याखाली गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. त्यांनी ती चिमटीत धरून बाहेर आणली. चेहरा राखेसारखा झाला होता. पिशवीत डिस्क होती, स्वच्छ पुसलेली.

वहिनींनी केबल जोडली. नव्या डिस्कने लॅपटॉप क्षणात सुरू झाला. पडद्यावर वाक्यांची यादी आली.

"दूध उतू जातंय," वहिनींचा आवाज म्हणाला. साधाच, जरा चिरका, घाईचा. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

मग त्या आवाजामागे, लाकडाआडून, एक बारीक विव्हळणं आलं. आणि एका पुरुषाचा अगदी मऊ आवाज. "गप. नाहीतर दुसरा हात."

वहिनींनी पुढचं वाक्य लावलं. तिथेही तेच. त्याच्या पुढच्यातही. त्यांच्या उरल्यासुरल्या आवाजाच्या पाठीला ते विव्हळणं चिकटलेलं होतं, पुसून निघण्यापलीकडचं.

बाईंनी पोलिसांना फोन लावला. नवरा भावाच्या खांद्यावरचा आपला हात काढून स्वतःच्याच सदऱ्याला पुसत होता, पुन्हा पुन्हा.

वहिनी यादीत काहीतरी शोधत होत्या. सापडल्यावर त्यांनी लॅपटॉप दिराच्या तोंडासमोर फिरवला, आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं.

"चालते व्हा इथून."

हसलं कुणी नाही. श्रावणबाळाची मान खाली गेली.

पार्टिशनपलीकडून म्हातारीची हाक आली. "सूनबाई? गेला का गं रुसवा?"

वहिनींनी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. लॅपटॉप छातीशी धरून त्या आत गेल्या. खिडकीची कडी निघाल्याचा आवाज झाला.

मास्तर मोरीत हात धूत होते. साबण लावून, पुन्हा साबण लावून. बादलीचा वास केव्हाच गेला होता. पावडरचा जात नव्हता.