आत सोडलेलं कापड

तो रविवार इतर रविवारांसारखाच होता, म्हणून तर कहकशांला तो नंतर पुन्हा पुन्हा आठवून बघावा लागला.

नांदेडच्या इतवाऱ्यात बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत, अगदी शेवटी, 'जलील रफूगर' अशी पाटी होती. आत गादीवर अब्बा, दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कापड धरून बसलेले. आणि कोपऱ्यात स्टुलावर, पुस्तकात डोकं घातलेली कहकशां. विष्णुपुरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची. आठवडाभर पुस्तकं आणि रविवारीही पुस्तकंच, फक्त अब्बांच्या दुकानात. अम्मी गेल्यापासून बापलेकीचा तसा रिवाजच पडला होता.

एखादं रफू पुरं झालं की अब्बा ते कापड तिच्यापुढे धरत. "सांग बरं, कुठं फाटलं होतं?"

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणे, "ठीक झालंय, अब्बा."

"ठीक!" अब्बा त्या कापडालाच सांगत. "ऐकलंस का बाबा? तू ठीक झालायस."

त्या दिवशी हे चाललेलं असतानाच पायरीवर कुणीतरी खाकरलं. पंचविशी ओलांडलेला एक तरुण उभा होता. काखेत पिशवी आणि शर्टाची बाही खांद्यापाशी उसवून लोंबकळणारी.

"चाचा, लातूरहून आलोय. हारिस नाव माझं. आमच्याकडं कुणीबी म्हणतं, रफू पाहिजे तर नांदेडला जा." त्यानं पिशवीतून काळी शेरवानी काढली. "माझ्या अब्बाच्या लग्नातली हाय. दोन महिन्यांनी बहिणीचं, शबानाचं लग्न हाय. मला हीच घालायचीय. पण काढता काढता खिळ्याला अडकली, ती बी छातीवरच."

अब्बांनी शेरवानी उलटी केली आणि त्यांचे डोळे एकदम तरुण झाले. "वा! शिवणाऱ्यानं आत बोटभर कापड सोडलंय बघ. ह्यातलाच धागा काढायचा आणि ह्याच्यातच विणायचा. बाहेरचा धागा कितीबी जुळवा, उन्हात गेला की चुगली करतो." मग त्यांची नजर त्याच्या खांद्याकडे गेली. "आणि हे काय?"

"येताना एसटीच्या दारात..."

"काढ."

"इथं?" हारिसनं कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातलं पुस्तक तत्परतेनं वर सरकलं.

अब्बांनी खुंटीवरचा स्वतःचा शर्ट त्याच्याकडे टाकला. झगझगीत पोपटी, पॉलिएस्टरचा. "तवर हा घाल. लई आवडता हाय माझा. इस्त्रीच लागत न्हाई त्याला."

मग त्यांनी हारिसचा शर्ट उलटा केला. कॉलरच्या लेबलवर एक हिरवं पान छापलेलं होतं.

"हे कशाचं पान? कडुनिंबाचं?"

"ते... निसर्गाचं हाय, चाचा. म्हंजे, ह्या कपड्यानं निसर्गाला तरास होत न्हाई."

"घालणाऱ्याला होतो की! आत बघ, काही न्हाईच. धागा काढू कुठून? शिलाईपुरती बी जागा सोडली न्हाई. कोण हाय हा कंजूष कापणारा?"

हारिस पोपटी शर्टाची बटणं लावू लागला. पुस्तकाच्या वरून दोन डोळे हळूच डोकावले. त्याचे कान लाल झालेले पाहून ते चमकले.

"तुम्ही लातूरला काय करता?" कहकशांनं फार साळसूदपणे विचारलं.

"कपड्याच्या कारखान्यात हाय."

"कारखान्यात काय?"

"...कटिंग मास्तर."

"ह्याच पानाच्या?"

"हाव," हारिस शरमेनं म्हणाला आणि अब्बा हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. मग त्यांनीच चहा मागवला, त्याची पाठ थोपटली, शर्टाची बाही कशीबशी जोडूनही दिली. शेरवानी पुढच्या रविवारी न्यायची ठरली, आणि गप्पांच्या नादात हारिस निघाला तो पोपटी शर्टातच.

"रंग शोभतोय," ती पुस्तकात बघत म्हणाली.

"सरळ पोपट झाला म्हणा ना!"

"तेवढं म्हणायला ओळख लागते."

"मग पुढच्या रविवारी येतो की — ओळख करायला. म्हंजे... शर्ट द्यायला."

दिवस मावळताना उन्हाचा पट्टा पायरीवरून उतरला. शेरवानीवरचं रफू अर्धं झालं होतं. अब्बांनी सुई तशीच कापडात टोचून ठेवली. "उरलेलं उद्या करू. बघ तरी, वरचं कसं जमलंय?"

"ठीक आहे, अब्बा. चला, जेवायला उशीर होतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला अब्बा उठले नाहीत.

*

पुढच्या रविवारी हारिस आला तेव्हा दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. पायरीवर शेजारच्या बांगडीवाल्या हाजराबी खाला बसलेल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, नुसती मान हलवली, आणि तो समजला. वाकून आत आला. हातात पोपटी शर्ट होता, धुतलेला, कडक घडीचा.

"मी ह्याला इस्त्री केली," तो म्हणाला. मग आपण हे काय बोललो असं वाटून तसाच उभा राहिला.

आठवडाभर माणसं येऊन खूप काही बोलून गेली होती. सगळ्यांसमोर कहकशां कोरडी बसली होती. इस्त्री न लागणाऱ्या शर्टाची ती घडी हातात आल्यावर मात्र तिला तोंड भिंतीकडे फिरवावं लागलं. हारिस मुकाट्यानं बाहेर जाऊन खालांच्या शेजारी बसला. तिनं हाक मारेपर्यंत आत आला नाही.

"दुसऱ्यांचे कपडे परत करून झालेत," ती म्हणाली. "तुमची शेरवानी तेवढी राहिलीय. अब्बांनी कधीच कुणाचं काम अर्धं परत दिलं नाही. लहानपणी त्यांच्याजवळ बसून थोडं शिकले होते. मी पुरं करून देते. मग दुकान सोडायचं. मालकाला सांगितलंय."

"धागा मी काढून देतो. कापड कुठून उसवायचं, एवढं मला कळतं."

असं ते काम सुरू झालं. दर रविवारी हारिस लातूरहून यायचा, शेरवानीच्या आतल्या कापडातून एकेक धागा श्वास रोखून ओढायचा आणि तिच्या सुईत ओवून द्यायचा. ती विणायची... एक धागा वर, एक खाली. दोघांची डोकी एकाच बोटभर भोकावर वाकलेली. पायरीवर खाला मटार सोलत बसायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "मला सगळं दिसून राहिलं हं."

"काय दिसतंय, खाला?"

"मटार, बेटा. दुसरं काय?"

एकदा सुई बोटात घुसली आणि कहकशांनं हात झटकला. हारिसनं चटकन आपला रुमाल पुढे केला. "घ्या. आमच्याच कारखान्याचा हाय, लाल रंग सुटंल. तुमचं रक्त दिसणार न्हाई."

ती हसली. आवाज फुटून हसली आणि तिथेच गप्प झाली. अब्बांच्या गादीवर बसून आपल्याला हसू आलं, ह्याचं तिला भय वाटलं. हारिसनं खुंटीवरच्या पोपटी शर्टाकडे बोट केलं. "चाचा हसून मोकळे झालेत बघा. तुम्हीच उगं अडून बसल्यात."

मग एका रविवारी तो आला तो उतरलेल्या तोंडानं.

"सुट्टी झाली माझी."

"आज रविवारच आहे."

"तशी न्हाई हो मॅडम. कायमची." तो गादीच्या कडेला टेकला. "चाचा बोलले होते ना, आत काही न्हाईच म्हणून? डोक्यातून जाईना ते. कुर्त्यांचा मोठा लॉट आला होता. सगळा बोटभर कापड सोडून कापला मी! शिवणाऱ्या बायांना म्हणलं, शिलाई दुहेरी घाला. गुणाबाई म्हणून हाय आमच्यात, जुनी. ती म्हणाली, आरं मास्तर, एका शिलाईलाच वेळ पुरत न्हाई, पाणी प्यायला उठलं तर ओरडतेत. तरी घातली तिनं. म्हणाली, लई वर्षांनी कपडा शिवल्यासारखा वाटला."

"मग?"

"मग शेठ आला. म्हणाला, माणूस जाड झाला तर नवा घेऊ दे की! तू आत कापड सोडून त्याला जुन्यातच ठेवतोस? मी म्हणलं, मग ते पान कशाला छापता?"

"असं म्हणालात?"

"तोंडातून गेलं."

कहकशां त्याच्याकडे पाहतच राहिली. तिच्या कपाटात असे पान छापलेले कितीतरी कपडे होते, मोबाईलवर बोट टेकवून मागवलेले, दोनदा घालून बाजूला पडलेले. अब्बा कधी काही बोलले नव्हते. त्या पार्सलांच्या पिशव्या तेवढ्या नीट कापून त्यांत बटणं भरून ठेवायचे. समोरचा हा वेडा माणूस मात्र, एकदाच भेटलेल्या म्हाताऱ्याच्या शब्दाखातर नोकरी घालवून बसला होता.

"आता काय करणार?"

"तिरुपूरहून बोलावणं आलंय. लई मोठा कारखाना हाय. शबानाचं लग्न झालं की जाईन." तो धागा ओढत होता. धागा तुटला. "तसं... इथंच कुठं गादी मिळाली असती तर बसलो असतो. रफू शिकलो असतो. नवं शिवलं असतं — आत कापड सोडून." त्यानं मान वर केली. "पण कुणी बस म्हणावं लागतं ना."

तिच्या ओठांवर काहीतरी आलं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "धागा द्या."

त्यानंतर ते रफू का कोण जाणे, पुढेच सरकेना. मागच्या रविवारी रांग पुरी झालेली असायची, ह्या रविवारी ती नसायची.

"ही ओळ मागच्या खेपेला झाली होती की," हारिस एकदा म्हणाला.

"वाकडी होती. उसवली."

"परत?"

"तुम्हाला घाई आहे का?"

"मला?" तो हळूच म्हणाला. "मला लातूरची एसटी चुकली तरी चालती."

पायरीवर मटार सांडले. खालांनी ते उगाच फार वेळ गोळा केले.

*

पण लग्न काही रफूसाठी थांबत नाही. अखेरच्या रविवारी शेवटचा धागा आत वळला. हारिसनं शेरवानी अंगात घालून पाहिली, तर छातीवर बटण लागेना. त्याचे अब्बा किडकिडीत होते. कहकशांनं बाजूच्या शिवणी उसवल्या, आतलं कापड सैल केलं, पुन्हा टाके घातले. आता शेरवानी अशी बसली, जणू त्याच्याच मापानं शिवली होती. ज्या शिंप्यानं तेवढं कापड आत सोडलं त्याचं नावही आज कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा हारिसचा जन्मही झालेला नव्हता.

त्यानं शेरवानी उतरवली आणि दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात तिच्यापुढे धरली. त्याला बिचाऱ्याला माहीत होतं ते एवढंच, की इथं काम संपलं की असं धरायचं असतं.

"सांगा बरं, कुठं फाटलं होतं?"

कहकशांनं पाहिलं. खालचा भाग तिचा. तो लगेच सापडला, टाके जरा फुगलेले, मुंग्यांच्या रांगेसारखे. मग ती वरचा भाग शोधू लागली. कापड तिरपं केलं. डोळ्यांजवळ नेलं. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. इथेच होतं... तिनं स्वतः पाहिलं होतं त्या दिवशी. छे, कुठेच नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली. आवाज तिच्या नकळत मोठा झाला. "सापडत नाहीये हो. फार सुरेख झालंय... सगळीच कामं अशी व्हायची तुमची. मी बघायचेच नाही."

खालांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हारिसनं शेरवानीची घडी घातली, फार सावकाश, आणि ती पिशवीत ठेवली.

"चावी कधी देताय मालकाला?"

"उद्या."

"आणि मी लग्न झालं की तिरुपूर." तो पायरीवर उतरला. चपला घातल्या. मागे न पाहता म्हणाला, "ठीक आहे मग."

ठीक. आजवर तो शब्द तिनं दुसऱ्यांच्या पदरात टाकला होता. समोरून तो कसा लागतो, ते तिला आज कळलं. अब्बा त्यावरही हसायचे. हसून कापडाला सांगायचे. आणि दुसरं कापड हातात घ्यायचे.

"ठीक नाही," ती पुटपुटली.

हारिस थांबला. "काय?"

"तुम्ही तिरुपूरला जाणं. ते... ठीक नाही."

"मोठ्यानं बोल गं पोरी," खाला वैतागून म्हणाल्या. "म्हातारीला ऐकू येईना. आणि ह्या गाढवाला कळेना!"

कहकशां गादीवरून उठली, उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभी राहिली, आणि बांगड्यांच्या साऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"तुम्ही मला आवडता, हारिस. ही गादी तुमची आहे. बसा — जाऊ नका."