तिसरी गढूळ रेघ

एप्रिलमधल्या त्या सकाळी लगुना माद्रेच्या उथळ खाडीवर वारा साफ पडला होता, आणि ही गोष्ट ऑरेलियाला पहिल्यापासून खटकली. वसंतात पोर्ट मॅन्सफिल्डला आग्नेयेचा वारा असा सुटतो की टोपी एका हाताने धरावी आणि गळ दुसऱ्याने. त्या दिवशी मात्र पाणी इतकं स्वच्छ आणि स्थिर होतं, की तळाच्या गवताची पाती मोजता आली असती.

बोटीत तिघं होती. ती स्वतः, गेली अठरा वर्षं गिऱ्हाइकांना या उथळ पाण्यात मासे दाखवायला आणणारी. दर वसंतात न चुकता येणारे सॅन अँटोनिओचे दातांचे डॉक्टर डीट्झ. आणि तिचे वडील, अपा. हा धंदा तिला अपांनीच शिकवला होता. आता वय सत्त्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. तरी एकदा पाण्यात उभं राहू दे म्हणून महिनाभर त्यांनी टुमणं लावलं होतं. मी त्यांना धडधाकट परत आणीन, असा ऑरेलियाने शब्द दिला, तेव्हा कुठे आईने त्यांचे बूट माळ्यावरून काढून दिले.

"कॅप्टन," अपा टाको चावत म्हणाले, "मासा नाही दाखवलास तर हा डॉक्टर माझेच दात उपटेल."

"उपटायला उरलेत किती, अपा?"

डॉक्टर खो खो हसले.

नेहमीच्या वाळूच्या पट्ट्यापाशी तिने नांगर टाकला आणि शिडी सोडली. पाणी गुडघ्याच्या खाली, आणि चारी बाजूंना मैलोन्मैल तेवढंच. दोघे उतरले आणि चाळीसेक पावलांचं अंतर ठेवून पूर्वेकडे निघाले. इथे पाय उचलून चालत नाहीत, तळाशी घासत चालतात. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, लपलेलं असतं. घासत गेलं तर ते सरकून जातं, पाय वरून पडला तर काटा पोटरीत जातो. अपांना हे अवघड नव्हतंच. त्यांचे गुडघे आता पाय उचलूच देत नसत, घरातही ते असेच चालत.

ऑरेलिया बोटीवरच्या टेहळणीच्या मचाणावर चढली. पूर्वेचं ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे माणसं धड दिसत नव्हती, पण त्यांच्या मागे उठणाऱ्या चिखलाच्या रेघा दिसत होत्या. डावीकडे डॉक्टरांची, उजवीकडे अपांची. माणसं कुठे आहेत, किती दमलीत, हे तिला त्या रेघांवरून कळे.

थोड्या वेळाने दोघांच्या मध्ये तिसरी रेघ दिसली.

मासा असेल, असं तिने ठरवलं. चरणारे मोठे मासे चिखल उठवतात, पण ढगासारखा, इथे थोडा, तिथे थोडा. ही रेघ सरळ होती. अपांनी गळ टाकायला पाय थांबवले, तशी ती थांबली. अपा निघाले, तशी निघाली. पुढच्या टोकाशी पाण्यावर काहीच नव्हतं, साधी लाटही नाही.

तिने हातांचा कर्णा केला.

"डॉक्टर! तुमच्या उजवीकडे काही आहे का?"

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "चिखल आहे," ते म्हणाले. मग आवाज बदलला. "कॅप्टन, हा चिखल चालतोय."

रेघ उजवीकडे वळली आणि अपांच्या रेघेला मिळाली. आता ती वेगळी दिसत नव्हती. अपांचीच रेघ मागून दाट होत होती, आणि तो दाटपणा पुढे सरकत होता. अपांपासून पंधरा पावलं. बारा.

म्हणजे ते जे काही होतं ते रेघेवरून माग काढत होतं.

"पाय उचला!" ती किंचाळली. "दोघेही! घासू नका, पाय उचलून चाला!"

डॉक्टरांनी क्षणभर तिला वेड लागल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं हिनेच त्यांना याच्या उलट बजावलं होतं. पण त्यांनी ऐकलं. करकोच्यासारखे पाय उचलत ते बोटीकडे निघाले आणि त्यांची रेघ तुटली.

अपा जागच्या जागी वळले. "डोकं फिरलंय का तुझं, पोरी? पाकट आहेत इथे!"

"उचला, अपा! पाया पडते तुमच्या!"

त्यांनी प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही. पाय तसाच घासत पुढे आला आणि चिखल उठला.

आठ पावलं.

ऑरेलियाने उडी टाकली. जन्मात पहिल्यांदा ती त्या पाण्यात पाय उचलून धावली. काट्याची भीती होतीच, पण त्या रेघेच्या भीतीपुढे ती काहीच नव्हती. अपांपाशी पोचली, पाठ केली, खाली वाकली.

"चढा."

"मी काय लहान आहे..."

"चढा म्हणते ना!"

अपांनी तिच्या खांद्यावरून आपल्या रेघेकडे पाहिलं आणि ते पाठीवर चढले. लहान मुलासारखी त्यांनी तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. आयुष्यात तिने त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

त्या गढूळ पाण्याला वळसा घालून ती बोटीकडे चालू लागली. पाय उचलत, पाय उचलत.

अपांना उचललं होतं तिथे तो गढूळपणा येऊन थांबला. मग गोल फिरू लागला.

आधीच बोटीत पोचलेल्या डॉक्टरांनी अपांना वर ओढलं. ती शिडीवरून चढली आणि मग तिने पाहिलं. दोघांच्या ओझ्याने तिचं प्रत्येक पाऊल रुतलं होतं आणि प्रत्येक पावलाच्या जागी चिखलाचा एक ठिपका उठला होता. ठिपक्यांची रांग अपांच्या जागेपासून थेट बोटीपर्यंत आली होती.

पहिला ठिपका दुसऱ्याला जोडला गेला. दुसरा तिसऱ्याला.

तिने शिडी ओढून घेतली, नांगर उपसला. इंजिन सुरू करताना नजर आपोआप मागे गेली, त्या तिसऱ्या रेघेच्या उगमाकडे. ती दूरवरून आलेली नव्हती. डॉक्टरांच्या आणि अपांच्या रेघांसारखीच तीही इथूनच, बोटीच्या शिडीपाशी सुरू झाली होती.

तिने इंजिनला पूर्ण वेग दिला.

इतक्या उथळ पाण्यात बोट हळू नेता येत नाही. ती वेग घेऊन पाण्यावर चढवावी लागते, आणि एकदा चढली की खोल पाणी येईपर्यंत थांबवायची नाही. थांबली की चिखलात बसली. तिघं असली तर बोट किती वेळात चढते, हे ऑरेलियाला अंगवळणी पडलेलं होतं. आज ती चढेना. नाक वर गेलं, मागची बाजू दबलेलीच राहिली.

"पुढे सरका, डॉक्टर," डोळे घट्ट मिटून बसलेले अपा जुन्या सवयीने म्हणाले. "मागे जड झालंय."

डॉक्टर तर आधीच पुढे, अपांचा हात धरून बसले होते.

ऑरेलियाने मागे पाहिलं नाही. बोट सावकाश चढली, चौघं असली की चढते तशी, आणि घराच्या दिशेला लागली.