इनास आजोबांचं विरजण

बाटलीचं झाकण उघडलं आणि काहीच झालं नाही.

खरं तर ‘फस्स’ असा मोठा आवाज यायला हवा होता. चांदपेठेतली साठ माणसं पेले पुढे करून त्या आवाजाचीच वाट बघत उभी होती. शलाकाने दुसरी बाटली उघडली. तीही गप्प. तिसरीसुद्धा.

चांदपेठ म्हणजे चंद्रावरची एक लहानशी वसाहत. तिथे सूर्य उगवला की जवळपास चौदा दिवस मावळत नाही, आणि मावळला की तेवढेच दिवस उगवत नाही. त्यामुळे सूर्योदय हा तिथला सण. त्या दिवशी सगळे भोजनगृहात जमतात आणि आल्याची फसफशी पितात. फसफशी म्हणजे आलं, साखर, पाणी आणि खूप सारे बुडबुडे. ती करायचा मान दर वेळी एका घराला मिळतो. या वेळी मान शलाकाच्या घराचा होता आणि अकरा वर्षांच्या शलाकाने आईला बजावलं होतं, “तू मध्ये पडायचं नाहीस. मी एकटी करणार.”

तिच्या वर्गातल्या तन्वीरने एक घोट घेतला.

“हे काय गं? ताप आल्यावर देतात ते साखरपाणी?”

सगळे हसले. शलाकाचे कान तापले. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

“मी सगळं नीट केलं होतं! इनास आजोबांनी दिलेलं विरजणच खराब होतं!”

हसू थांबलं. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या बाकाकडे वळल्या.

इनास आजोबा मूळचे वसईचे. सत्तावीस वर्षांपूर्वी चंद्रावर येताना त्यांनी सामानातून एक बरणी आणली होती. तिच्यात आल्याचं विरजण होतं. दह्याला जसं विरजण लागतं, तसंच फसफशीलाही लागतं. आजोबा त्याला रोज चमचाभर साखर आणि किसलेलं आलं खाऊ घालत. ज्या घराची पाळी असेल, त्या घरी वाटीभर विरजण त्यांच्याकडूनच जाई.

आजोबांनी पेला खाली ठेवला. “असेल बाय, असेल,” ते म्हणाले. “माझं नाक आता म्हातारं झालंय. मला कळलं नसेल.”

शलाकाला वाटलं होतं, ते भांडतील. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

रात्रभर तिला एकच गोष्ट आठवत राहिली. बाटल्या भरताना एका बाटलीला हात लागला होता आणि चांगला चटका बसला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बंब्याकडे गेली. बंब्या हा अन्नप्रयोगशाळेतला यंत्रमानव. पोट अंघोळीच्या पाण्याच्या बंबासारखं गोल, म्हणून मुलांनी त्याचं ते नाव ठेवलेलं.

“बंब्या, विरजण खराब होतं हे सिद्ध करायचंय,” ती म्हणाली. तिच्या हातात आजोबांची वाटी होती. तळाशी थोडं विरजण उरलं होतं. शीतकपाटात मागे सरकून राहिल्यामुळे वाटी परत करायची राहून गेली होती.

“बाईसाहेब, आधी सिद्ध काय करायचं ते ठरवलं की तपास बिघडतो,” बंब्या म्हणाला. “आपण प्रश्न विचारू. बुडबुडे का आले नाहीत? मुळात बुडबुडे येतात कशाने?”

“यीस्टमुळे.”

“म्हणजे?”

शलाकाने शाळेत शिकलेलं सांगितलं. विरजणात यीस्ट (डोळ्यांना न दिसणारी, एकेका पेशीची जिवंत बुरशी) असतं. ते साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो तो वायू) सोडतं. या क्रियेला किण्वन (आंबणं) म्हणतात. झाकण घट्ट असलं की वायूला बाहेर पडता येत नाही, मग तो पाण्यातच विरघळून राहतो. झाकण उघडलं की तोच बुडबुडे होऊन धावत सुटतो.

“छान. पण यीस्ट तिथेच थांबत नाही,” बंब्या म्हणाला. “जास्त दिवस राहिलं तर ते मद्यार्क (दारूत असतो तो पदार्थ) वाढवत नेतं, आणि वायू इतका साठतो की बाटली फुटते. म्हणून मुलांची फसफशी मोठ्यांच्या देखत करायची, आणि दोन दिवसांत शीतकपाटात ठेवायची. आता सांगा, कुठे काय चुकलं असेल?”

“झाकण सैल असेल?”

तिने रिकाम्या बाटलीला झाकण लावून ती पाण्यात दाबून धरली. एकही बुडबुडा वर आला नाही. झाकण ठीक होतं.

“साखर कमी पडली?”

“तन्वीर साखरपाणी म्हणाला ना? साखर तशीच शिल्लक आहे. म्हणजे ती कुणी खाल्लीच नाही. बरं, विरजण घातलं तेव्हा पाणी किती गरम होतं?”

शलाका खाली बघत म्हणाली, “कोमट.”

बंब्याचे डोळ्यांच्या जागचे दोन्ही दिवे काही क्षण तिच्यावर स्थिर राहिले. “ठीक. तरी खात्री करून घेऊ. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.”

त्यांनी आलं घालून साखरपाणी उकळलं, निवू दिलं आणि चार बाटल्यांत सारखंच ओतलं. पहिलीत विरजण घालून ती उबदार जागी ठेवली. दुसरीतलं पाणी पुन्हा कडकडीत तापवून मग त्यात विरजण घातलं. तिसरीत पहिलीसारखंच विरजण घातलं, पण ती शीतकपाटात ठेवली. चौथीत विरजण घातलंच नाही. झाकणांऐवजी प्रत्येक बाटलीच्या तोंडाला रबरी हातमोज्याचं कापलेलं एकेक बोट बसवलं. वायू तयार झाला तर बोट फुगणार होतं. वाटीत अजून दोन-तीन चमचे विरजण उरलं होतं. शलाकाने ते झाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेचं दार ढकललं. पहिल्या बाटलीवरचं बोट ताठ उभं होतं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाने हात वर करावा तसं. दुसरीवरचं लोंबत होतं. चौथीवरचंही. बंब्याने शीतकपाटातून तिसरी बाटली काढली. तेही बोट लोंबत होतं, पण उबेला ठेवल्यावर दोन तासांत तेही हळूहळू सरळ होऊ लागलं.

“थंडीत यीस्ट झोपतं,” शलाका हळूच म्हणाली. “ऊब मिळाली की उठतं. आणि कडकडीत पाण्यात...”

“मरतं,” बंब्या म्हणाला. “मग दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत काही फरक उरत नाही. विरजण घातलं काय नि न घातलं काय.”

शलाका स्टुलावर बसली.

“पाणी कोमट नव्हतं,” ती म्हणाली. “मी सागरगोटे खेळत बसले होते. इथे ते इतके सावकाश खाली येतात की खेळ संपतच नाही. मग उशीर झाला, पाणी निवायला वेळच उरला नाही. आजोबांनी सांगितलं होतं, मनगटावर थेंब टाकून बघ, चटका बसला तर थांब. आई गरम दुधाला विरजण लावत नाही हे मी रोज बघते. तरी मी ओतलं. आणि सगळ्यांसमोर नाव त्यांचं घेतलं.”

“मला हे सांगून उपयोग नाही, बाईसाहेब,” बंब्या म्हणाला. “मला कुणी खराब म्हटलेलं नाही.”

वाटी घेऊन ती आजोबांच्या खोलीकडे निघाली. पाय नेहमीपेक्षा जड वाटत होते. चंद्रावर असं व्हायला नको.

दार उघडंच होतं. आजोबा बेसिनपाशी उभे राहून बरणी धूत होते. बरणी रिकामी होती.

“आजोबा, विरजण?”

“कचऱ्याच्या भट्टीत दिलं सकाळी. बंद घुमटात राहतो आपण. खराब झालेलं विरजण ठेवायचं नाही, असा नियमच आहे ना?” त्यांनी बरणी उजेडात धरून बघितली. “सत्तावीस वर्षं झाली. जाऊ दे. तुझ्या फसफशीचा विचका झाला माझ्यामुळे.”

पळून जावं असं शलाकाला वाटलं. वाटी मागच्या मागे लपवावी, असंही वाटलं. तिने दोन्ही हातांनी वाटी घट्ट धरली.

“ते खराब नव्हतं, आजोबा. मी ते उकळत्या पाण्यात घातलं. मला तेव्हाच चटका बसला होता. मी खोटं बोलले.”

आजोबांनी नळ बंद केला आणि ते खुर्चीत बसले. रिकामी बरणी त्यांनी मांडीवर ठेवली.

“वाईट वाटलं बाय,” ते म्हणाले. “विरजण गेलं त्याचं आहेच. पण तीन दिवस मी माझ्याच नाकाला शिव्या देत होतो.”

शलाकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने वाटी पुढे केली. “थोडं उरलंय. जिवंत आहे. आम्ही तपासलं.”

आजोबांनी वाटी घेतली. आधी वास घेतला, मग ती कानाशी नेली. आतून अगदी बारीक चुरचुर ऐकू येत होती. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“बोलतंय गं! आणि शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. परत करायची राहून गेली होती,” शलाका म्हणाली. आता तिला एवढंसंही खोटं बोलायचं नव्हतं.

आजोबा मोठ्याने हसले. मग त्यांनी अर्धं विरजण बरणीत घातलं आणि वाटी तिच्या हातात परत दिली. “उरलेलं तुझ्या घरी वाढव. एकाच घरी ठेवलं, ही माझी चूक. मात्र एक काम राहिलंय. खोटं साठ जणांसमोर बोललीस.”

त्या संध्याकाळी शलाका भोजनगृहात बाकावर उभी राहिली. कान लाल झाले होते, पण तिने सगळं सांगितलं, चटक्यासकट. कुणी हसलं नाही. तन्वीरने फक्त एवढंच विचारलं, “मग हातमोज्याची बोटं दाखवशील का?”

पुढच्या सूर्योदयापर्यंत चांदपेठेतल्या नऊ घरांत बरण्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा ‘फस्स’ आवाज इतका मोठा झाला की बंब्या दचकून मागे सरकला. मंगळाकडे निघालेलं यान तेव्हा तिथे थांबलं होतं. यानाची कप्तान पेला संपवून शलाकाला म्हणाली, “आम्हालाही थोडं विरजण मिळेल का? तिथे कुणाकडेच नाही.”

शलाकाने इनास आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिने तीच वाटी भरून आणली.

“पाणी मनगटावर टाकून बघा,” ती म्हणाली. “चटका बसला तर थांबा. मी थांबले नव्हते, तर सगळं मेलं होतं.” तिचे कान पुन्हा तापले, पण मान खाली गेली नाही.

“आणि ही वाटी?” कप्तानने विचारलं.

“आजोबांची आहे. मंगळावरून येताना परत आणा,” शलाका म्हणाली. “पण रिकामी नको.”