उंबऱ्यावरून दिसणारी बारव

"कल्याण, बस खाली. उभ्याउभ्या न्हाई दिसणार," प्रीती म्हणाली.

"दोन दिवसांपासून बघून राह्यलो. नुसत्या वाकड्या चौकटी."

"खिचडीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बस म्हणते मी."

कल्याण टेकला आणि त्याने झटकन पाय वर ओढले. शाळेच्या सपाट फरशीवर रंगवलेल्या चौकटींतून खोल बारव उघडली होती. पायरीखाली पायरी, तळाशी निळं पाणी.

"पडलोच अस्तो. मंग सरांनी फोटोची जागा झेंड्याजवळ का आखली? तिथून तर काहीच दिसत न्हाई."

"आणि रंगाखाली हे रांगोळीचे ठिपके," प्रीती म्हणाली. "सर कधी ठिपके टाकतात?"

त्यांच्याबरोबर आलेली शीतल ठिपके बघायला वाकली. दिवाळीच्या सुट्टीत ती जाफराबादला मामाकडे गेल्ती. परत आली तेव्हा फरशीवर ही बारव होती आणि भिंतीवर चित्रकार म्हणून राधेश्याम सरांच्या नावाची पाटी. पण या उंबऱ्यावर रोज बसून खिचडीचे तांदूळ निवडायची ती एकच, तिची दैवशाला काकू. आणि काकू रांगोळीशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही.

दहा वाजता जालन्याच्या पाहुण्या उषाताई चित्र बघायला आल्या. शीतलने हात धरून त्यांना उंबऱ्यावर बसवलं.

"अगं बाई," उषाताई सावरून बसल्या. "सर, इथूनच दिसेल असं कसं साधलंत?"

"ते... अंदाजानं."

"सर इथं कधी बसलेच न्हाईत," शीतल म्हणाली. "इथं माझी काकू बसते. रांगोळी तिची, सरांनी वरून रंग भरला."

सर हसले. "मंग विचारा की तिलाच."

त्यांना बराबर माहीत होतं. आज सोमवार. कार्तिकातल्या सोमवारी काकू दिवस मावळेपर्यंत मौन पाळायची, मानसुद्धा हलवायची नाही.

"बाई, ही तुम्ही काढलीत?" उषाताईंनी खोलीच्या दारात आलेल्या काकूला विचारलं.

काकूने खाली पाहिलं. मग चिमटीत रांगोळी घेतली, निळ्या पाण्यात मोजून ठिपके टाकले आणि रेघा ओढून आणखी एक पायरी काढली. उंबऱ्यावर बसलेल्या उषाताईंना पाणी हातभर खाली गेलेलं दिसलं.

सरांची मान खाली गेली. टाळ्या वाजल्या. "काय हुशार पोरं आहेत," उषाताई म्हणाल्या. तिघा पोरांच्या गळ्यात हार पडले, फोटो निघाले.

"आणि पाटी?" शीतलने विचारलं.

"संगमरवराची आहे बाळा," उषाताई म्हणाल्या, "आता कुठं खोडायचं? पुढच्या वर्षी बघू."

पाहुणे चहाला गेले ते बारवेवरूनच. काकूची नवी पायरी बुटांखाली पुसली गेली. सरांचा ऑइलपेंट तसाच राहिला.

दिवस मावळला. काकूने खिचडीच्या खोलीत दिवा लावला, हात जोडले आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. मैदानात शीतलशिवाय कोणी नव्हतं.

"होय," काकू स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी काढली."