दुसरा बिल्ला

तिकिटाच्या खिडकीतून आवाज आला, "किती?" आणि पोस्टमनच्या तोंडून निघून गेलं, "दोन."

जन्मभराची सवय. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, पण जीभ अजून एकट्याचं तिकीट मागायला शिकली नव्हती. खिडकीतून सुतळीत ओवलेले दोन पितळी बिल्ले पुढे आले.

"परत निघताना बेटावरच्या फळ्यावर अडकवायचे. सगळे बिल्ले लागल्याशिवाय लाँच सुटत नाही. मागे एक जण पक्षी बघत तिकडेच राहिला होता."

एक परत द्यावा असं त्याच्या मनात आलं. पण मागे रांग होती. सांगणार काय? बायको वारली आणि मी विसरलो? त्याने दोन्ही बिल्ले मुकाट्याने खिशात टाकले.

या राखीव बेटावर यायचं तिच्या मनात होतं. तिथले समुद्रपक्षी, मासेमारांची जुनी वस्ती, सगळं बघायचं होतं. शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, आईचं राहिलं. तुम्ही तरी जाऊन या."

लाँचमधल्या बाकाची फळी सैल होती. तो टोकाला बसला तशी ती त्याच्या बाजूने कलली आणि दुसरं टोक वर उचललं गेलं. समोरच्या जाड्या बाई हसल्या. "काका, मधे सरका हो, नाहीतर माशांना फराळ व्हायचा!"

तोही ओशाळून हसला आणि मधे सरकला.

बेटावर वनरक्षकाने सगळ्यांना पायवाटेने नेलं. कड्यावर पांढऱ्या पक्ष्यांची घरटी इतकी दाट होती, की खडक चुना फासल्यासारखा दिसत होता. उग्र वास, खारा वारा आणि कान किटवणारा कलकलाट. पोस्टमन नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. उभं आयुष्य पत्रं वाटण्यात गेलेलं, पाय रेंगाळायला तयारच नसायचे. बायको मागून म्हणायची, "तुमची पाठ बघत बघतच संसार झाला माझा."

वस्तीत एक म्हातारी ओट्यावर जाळं विणत बसली होती. येणाऱ्यांना गाठ कशी मारतात ते ती दाखवायची. पोस्टमन तिच्यापाशी सगळ्यांच्या आधी पोहोचला. म्हातारीने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"दमाने चालावं रे बाबा. त्यांच्या चपलेत वाळू गेलीय."

त्याने वळून पाहिलं. वाट रिकामी होती. बाकीचे अजून वळणापलीकडे होते.

"कुणाच्या?"

म्हातारी विणत राहिली. नजर अधू झाली असेल, असं म्हणून तो पुढे निघाला. पण वस्ती संपेपर्यंत त्याने पुन्हा मागे पाहिलं नाही.

उन्हं कलली तसे सगळे धक्क्यावर आले. त्याने खिशात हात घातला, तर हाताला एकच बिल्ला लागला. दुसरा कुठल्याच खिशात नव्हता. त्याने होता तो अडकवला. फळ्यावर एक खिळा रिकामा राहिला.

"एक माणूस यायचंय," वनरक्षक म्हणाला.

सगळे लाँचमध्ये ताटकळत बसले. पोरं किरकिर करू लागली. "कोण हा शहाणा?" जाड्या बाई करवादल्या. "आम्हाला काय घरंदारं नाहीत?"

पोस्टमनचे कान तापले. अखेर तो उठला.

"तो बिल्ला माझ्याकडचा. हरवला वाटतं."

"म्हणजे तुमच्याबरोबरचं माणूस कुठाय?" वनरक्षकाने धक्क्यावरून विचारलं.

"नाही कोणी. दोन चुकून घेतले."

"नक्की ना काका? मागाहून घोळ नको."

"माझ्याबरोबर कोणी नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

लाँच सुटली. तो पुन्हा त्या सैल फळीवर मधे बसला. दारावरच्या पाटीवरून तिचं नाव आपल्याच हाताने पुसल्यासारखं त्याला वाटलं.

अर्ध्या पाण्यात वायरलेस खरखरला. आवाज वनरक्षकाचा होता आणि तो सगळ्यांनी ऐकला.

"मागे फिरा. बाई आल्यात. बिल्ला दिला त्यांनी."

"कोण बाई?" लाँचवाल्याने विचारलं.

"त्या काकांच्या घरच्या. म्हणतात, ते पुढे जाऊन बसले असतील, सवयच आहे त्यांची."

लाँचवाल्याने एकदाच पोस्टमनकडे पाहिलं आणि चाक फिरवलं.

ती वारलीय, एवढंच सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. पण मघाशी 'कोणी नाही' म्हणणाऱ्याचं आता कोण ऐकणार?

धक्का जवळ आला. धक्क्यावर वनरक्षक एकटाच उभा होता. मागे फळ्यावरचे सगळे खिळे भरलेले होते.

लाँच टेकली. वनरक्षकाने हात पुढे केला, कुणाला तरी आधार द्यावा तसा.

"सांभाळून हं."

जाड्या बाईंनी पाय आत घेतले. "या ताई, बसा. आमचेही असेच. पुढे पळणारे."

मग त्यांनी पोस्टमनकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्याने मान वर केली नाही. भीती होतीच, पण लाज तिच्याहून मोठी होती. खाली बघतच तो सरकत सरकत बाकाच्या अगदी टोकाला गेला.

फळी कलली नाही.